कोऱ्या डिस्कवर जुना संगणक

लग्नपत्रिका, सहकारी संस्थांचे अहवाल, दिवाळी अंकाची पानं लावणाऱ्या डीटीपी सेंटरमधला संगणक वर्षानुवर्षं थोडाथोडा घडत गेलेला असतो. श्रीलिपीचे फॉन्ट, बोटांना सरावलेला कीबोर्ड लेआउट, पेजमेकरची जुनी आवृत्ती, प्रिंटरचे जुळवून ठेवलेले रंग, टॅलीतला हिशोब. अशा संगणकाची डिस्क गेली की पहिला प्रश्न येतो, ‘फाइल्स आहेत ना?’ फाइल्स बहुतेक वेळा पेनड्राइव्हवर असतातही. पण नव्याने विंडोज टाकून ती फाइल उघडली, तर मराठी मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची गिचमीड दिसते. युनिकोड येण्याआधीच्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर तोच फॉन्ट बसवल्याशिवाय वाचता येत नाही. मग फॉन्टची सीडी शोधा, ड्रायव्हर शोधा, लायसन्सचा क्रमांक शोधा, यात आठवडा जातो.

हा आठवडा वाचवण्याचा उपाय म्हणजे संपूर्ण डिस्कची इमेज घेऊन ठेवणं आणि वेळ आली की ती बूटेबल पेनड्राइव्हच्या मदतीने नव्या डिस्कवर उतरवणं. इमेज कशी घ्यायची हे पुष्कळांना माहीत असतं. ती परत उतरवण्याचं काम मात्र बहुतेक जण आयुष्यात पहिल्यांदा करतात ते नेमकं संकटाच्या दिवशी, घाईत आणि घाबरलेल्या मनाने. म्हणून इथे उतरवण्याचाच भाग सावकाश, पायरीपायरीने पाहू. उदाहरणासाठी क्लोनझिला हे मोफत सॉफ्टवेअर घेतलं आहे. तैवानच्या राष्ट्रीय उच्चक्षमता संगणन केंद्रात ते तयार झालं. अ‍ॅक्रोनिस, मॅक्रियम, वीम अशा इतर साधनांचे पडदे वेगळे दिसतात, पण कामाचा क्रम हाच असतो.

डिस्कवर नेमकं काय असतं

‘धिस पीसी’मध्ये सी ड्राइव्ह एकच दिसत असला, तरी विंडोज १० किंवा ११ असलेल्या आजच्या संगणकाच्या डिस्कवर सहसा चार विभाग असतात. पहिला साधारण १०० एमबीचा, फॅट३२ पद्धतीचा. संगणक सुरू करणारी फाइल याच्यात असते. दुसरा १६ एमबीचा, विंडोजने राखून ठेवलेला. तिसरा आपला सी. चौथा काहीशे एमबीचा, दुरुस्तीची साधनं ठेवलेला. या सगळ्यांच्या आधी, डिस्कच्या अगदी सुरुवातीला, कुठला विभाग कुठून कुठपर्यंत आहे याचा तक्ता असतो. त्याला जीपीटी म्हणतात. त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी असते.

जुन्या संगणकांत हाच तक्ता एमबीआर पद्धतीचा असतो. डिस्कचा पहिला ५१२ बाइटचा सेक्टर हेच त्याचं घर. त्यातले ४४६ बाइट सुरुवातीच्या प्रोग्रॅमला, ६४ बाइट चार विभागांच्या नोंदींना आणि उरलेले २ बाइट ओळखखुणेला. इतक्या लहान जागेतल्या आकड्यांनी साधारण २ टीबीपर्यंतचीच डिस्क मोजता येते. त्यामुळे मोठ्या डिस्कना जीपीटी लागते.

आता लक्षात येईल, की सी ड्राइव्हमधल्या सगळ्या फाइल्स कॉपी करून नव्या डिस्कवर पेस्ट केल्या तरी संगणक सुरू का होत नाही. तक्ता नाही, बूट करणारा विभाग नाही, सुरुवात कुठून करायची तेच यंत्राला कळत नाही. डिस्क इमेजमध्ये हे सगळं येतं.

क्लोनझिलाची इमेज म्हणजे एक फोल्डर असतं. त्यात विभागांच्या तक्त्याची प्रत, सुरुवातीच्या सेक्टरची प्रत, प्रत्येक विभागाची दाबून लहान केलेली फाइल आणि मूळ संगणकाच्या हार्डवेअरची नोंद असलेल्या मजकूर फाइल्स असतात. प्रत्यक्ष नकलेचं काम करतो तो त्यातला पार्टक्लोन हा प्रोग्रॅम. तो विभागाचा नकाशा वाचून फक्त वापरात असलेले भाग उचलतो. ५०० जीबीच्या डिस्कवर १२० जीबीच भरलेले असतील, तर तेवढेच वाचले जातात आणि वर ते दाबून आणखी लहान होतात. विभागाची पद्धत ओळखता आली नाही, किंवा तो बिटलॉकरने कुलूपबंद असला, तर मात्र रिकामी जागासुद्धा सेक्टर-सेक्टर करून उचलावी लागते. तेव्हा वेळही जास्त लागतो आणि इमेजही डिस्कएवढी मोठी होते.

बाहेरून बूट करावं लागतं, ते का

विंडोज चालू असताना सी ड्राइव्हवरच्या शेकडो फाइल्स त्याच्या ताब्यात असतात. त्याच वेळी तो सी ड्राइव्ह पुसून दुसरा लिहिणं म्हणजे ज्या फांदीवर बसलो तीच तोडणं. म्हणून दुसरी, छोटी, स्वतंत्र ऑपरेटिंग सिस्टिम बाहेरून आणून तिच्याकडून काम करून घ्यायचं. क्लोनझिला लाइव्ह ही लिनक्सवर आधारलेली अशीच सिस्टिम आहे. ती पेनड्राइव्हवरून रॅममध्ये चढते आणि डिस्कला हात न लावता उभी राहते. विंडोज मुळात सुरूच होत नसल्यामुळे त्यातला व्हायरसही जागा होत नाही, हा आणखी एक फायदा.

पेनड्राइव्ह जुना, लहान चालतो. क्लोनझिलाची आयएसओ फाइल काहीशे एमबीचीच असते. ती नुसती कॉपी-पेस्ट करून भागत नाही. रुफससारख्या साधनाने ती पेनड्राइव्हवर लिहावी लागते आणि त्यात पेनड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जातं. हा पेनड्राइव्ह आजच, संगणक ठणठणीत असताना करून ठेवायचा. बंद पडल्यावर तो करायला दुसऱ्याचा संगणक शोधावा लागतो.

सुरू करण्याआधी

पहिलं काम जुन्या डिस्कचं. ती थोडी तरी वाचता येत असेल, तर तिच्यावर काहीही उतरवू नका. ती काढून, नाव-तारीख लिहून बाजूला ठेवा. इमेज घेतल्यानंतर केलेलं काम फक्त तिच्यावरच असू शकतं. नवी डिस्क विकत मिळते, ते काम मिळत नाही. खंडणीखोर व्हायरसने फाइल्स कुलूपबंद केल्या असतील, तरीही हेच करा. आणि बॅकअपची हार्ड डिस्क त्या बिघडलेल्या विंडोजला चुकूनही जोडू नका, नाहीतर बॅकअपही गमवाल. ती जोडायची पेनड्राइव्हवरून बूट झाल्यावर.

दुसरं, नव्या डिस्कचा आकार. नवी डिस्क जुनीएवढी किंवा तिच्यापेक्षा मोठी हवी, हा क्लोनझिलाचा नियम आहे. किती जीबी भरलेले आहेत याने फरक पडत नाही. विभाग कुठपर्यंत पसरलेला होता ते महत्त्वाचं. इथे दुकानात फसगत होते. ५१२ जीबीच्या एसएसडीची इमेज ५०० किंवा ४८० जीबीच्या एसएसडीवर साध्या पद्धतीने उतरत नाही. आणि विंडोज ज्या डिस्कला ४६५ जीबी म्हणतं, तिच्या खोक्यावर ५०० जीबीच लिहिलेलं असतं, कारण विंडोज १०२४च्या पटीत मोजतं आणि कंपनी १०००च्या. शंका असेल तर एक पायरी मोठी डिस्क घ्यावी.

तिसरं, बिटलॉकर चालू असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर हाताशी हवी. मदरबोर्ड बदलला किंवा बायोसच्या सेटिंगमध्ये फरक पडला, तर उतरवलेलं विंडोज ती मागतं. ती नसेल तर इमेज निर्दोष असूनही आत जाता येत नाही. मायक्रोसॉफ्ट खात्याशी संगणक जोडलेला असेल तर ही की बहुधा त्या खात्यात मिळते.

चौथं, या कामात लागणाऱ्या डिस्क सोडून बाकी सगळ्या काढा. डेटाची दुसरी हार्ड डिस्क असेल तर तिची केबल सोडवा. जास्तीचे पेनड्राइव्ह उपसून ठेवा. पुढची सगळ्यात धोक्याची पायरी यामुळे बरीच सोपी होते. आणि संगणक यूपीएसवर किंवा लॅपटॉप चार्जरवर असल्याची खात्री करा. अर्ध्यात वीज गेली तर इमेजला धक्का लागत नाही, पण उतरवणं पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं.

पडद्यामागून पडदा

संगणक सुरू करताना बूट मेन्यूची कळ दाबायची. डेल आणि लेनोव्होवर बहुतेक एफ १२, एचपीवर एफ ९. यादीतून पेनड्राइव्ह निवडला की क्लोनझिलाचा मेन्यू येतो. पहिला पर्याय पुरेसा असतो. ‘टू रॅम’ हा पर्याय घेतला तर सगळी सिस्टिम रॅममध्ये चढते आणि पेनड्राइव्ह काढून घेता येतो. यूएसबीच्या जागा कमी असलेल्या लॅपटॉपवर हे सोयीचं पडतं. मग भाषा इंग्रजी, कीबोर्ड आहे तोच, आणि ‘स्टार्ट क्लोनझिला’.

पहिला खरा प्रश्न येतो: ‘डिव्हाइस-इमेज’ की ‘डिव्हाइस-डिव्हाइस’? दुसरा पर्याय एका डिस्कवरून थेट दुसरीवर नक्कल करण्याचा आहे. आपल्याकडे इमेज आहे, म्हणून पहिला.

पुढे इमेज कुठे आहे ते विचारतात. यूएसबी हार्ड डिस्कवर असेल तर ‘लोकल डेव्ह’. ऑफिसच्या सर्व्हरवरच्या शेअर फोल्डरमध्ये असेल तर ‘सांबा सर्व्हर’. लोकल निवडल्यावर क्लोनझिला यूएसबी डिस्क आता जोडा असं सांगतं. जोडून काही सेकंद थांबायचं. यादी दर थोड्या वेळाने ताजी होत राहते. आपली डिस्क तिथे दिसली की कंट्रोल-सी दाबून यादीतून बाहेर पडायचं.

आता येतो तो पडदा नीट वाचायचा. इथे इमेज ठेवलेला विभाग निवडायचा आहे, उतरवायची जागा नाही. लिनक्सचं जग सी-डी-ई जाणत नाही. त्याच्याकडे डिस्कची नावं एसडीए, एसडीबी अशी असतात, आणि एनव्हीएमई एसएसडी असेल तर एनव्हीएमई-शून्य-एन-एक. एसडीबी-एक म्हणजे एसडीबी डिस्कचा पहिला विभाग. विभाग निवडल्यावर फोल्डर विचारलं जातं. इमेजचं फोल्डर ज्याच्या आत आहे ते बाहेरचं फोल्डर इथे निवडायचं. इमेजच्या फोल्डरच्या आत शिरलात तर पुढे इमेजच सापडत नाही.

मग ‘बिगिनर’ निवडा आणि कामांच्या यादीतून ‘रिस्टोअरडिस्क’. शेजारी ‘रिस्टोअरपार्ट्स’ही असतो. तो एखादाच विभाग परत आणण्यासाठी. नव्या कोऱ्या डिस्कवर अजून एकही विभाग नाही, त्यामुळे आपल्याला संपूर्ण डिस्कच हवी. यादीतून तारीख पाहून इमेज निवडा.

इथे येते सगळ्यात धोक्याची पायरी: उतरवायची कुठे? या डिस्कवरचं सगळं जाणार आहे. नावावर विसंबू नका. एसडीए आणि एसडीबी ही नावं डिस्क ज्या क्रमाने सापडल्या त्या क्रमाने पडतात. काल जी एसडीए होती ती आज एसडीबी असू शकते. नावाच्या शेजारी क्षमता, कंपनी, मॉडेल आणि सिरियल क्रमांक लिहिलेला असतो. नवी डिस्क बसवतानाच फोनवर तिच्या लेबलचा फोटो घेऊन ठेवा आणि सिरियल क्रमांकाचे शेवटचे चार आकडे पडद्याशी ताडून पाहा. बॅकअपची डिस्क आणि नवी डिस्क दोन्ही १ टीबीच्या असतील, तर क्षमतेवरून ओळख पटत नाही. सिरियल क्रमांकावरून पटते.

त्यानंतर इमेज आधी तपासायची का, असं विचारतात. हो म्हणा. वेळ लागतो, पण इमेज खराब निघाली तर ते नवी डिस्क लिहायला घेण्याआधीच कळतं. शेवटी काय करणार आहोत याचा सारांश येतो. कुठली इमेज, कुठली डिस्क, सगळं पिवळ्या-लाल अक्षरांत. वाय दाबल्यावर विभागांचा तक्ता लिहिला जातो आणि क्लोनझिला पुन्हा विचारतं, ‘लेट मी आस्क यू अगेन’. दोनदा विचारण्यामागे मोठी समजूत आहे. पहिल्यांदा माणूस सवयीने हो म्हणतो. दुसऱ्या वेळी हात कीबोर्डवरून उचला, सिरियल क्रमांक पुन्हा वाचा, मगच वाय. खरं म्हणजे हे ताडून पाहणं पहिल्या वाय आधीच पुरं झालेलं असावं.

मग पार्टक्लोनचा पडदा येतो. गेलेला वेळ, उरलेला वेळ, मिनिटाला किती जीबी चाललेत, आणि सरकत जाणारी पट्टी. ती विभागागणिक नव्याने सुरू होते, म्हणून पट्टी शंभर टक्के होऊन पुन्हा शून्यावर आली तर दचकू नका. वेळेचा अंदाज बांधता येतो. यूएसबी २च्या पोर्टमधून सेकंदाला ३५ एमबीच्या आसपास वेग मिळतो. ६० जीबीची इमेज वाचायला साधारण अर्धा तास लागेल. निळ्या यूएसबी ३ पोर्टला तीच डिस्क जोडली तर तिचा स्वतःचा वेग, म्हणजे सेकंदाला १०० एमबीच्या आसपास, मिळू शकतो आणि काम दहा मिनिटांवर येतं.

पहिल्यांदा सुरू करताना

काम संपलं की ‘पॉवर ऑफ’ निवडा. पेनड्राइव्ह आणि बॅकअपची डिस्क काढा. जुनी डिस्कही जोडलेली नको, कारण दोन्ही डिस्कवर ओळखक्रमांक एकच असतो आणि विंडोजचा गोंधळ उडतो. आता फक्त नव्या डिस्कवर संगणक सुरू करा.

बहुतेक वेळा ओळखीचा डेस्कटॉप समोर येतो. नाही आला तर कारणं ठरावीक आहेत. बूट होण्याजोगी डिस्कच सापडत नाही असं संगणक म्हणत असेल, तर हरवलेली वस्तू डिस्कवर नाही, मदरबोर्डवर आहे. कुठली फाइल वापरून सुरू व्हायचं ही नोंद यूईएफआय संगणक मदरबोर्डच्या स्मृतीत ठेवतात. बायोसमध्ये जाऊन बूट क्रमात ‘विंडोज बूट मॅनेजर’ आहे का पाहा. नसेल तर विंडोजच्या इन्स्टॉलेशन पेनड्राइव्हवरून दुरुस्तीच्या कमांड प्रॉम्प्टवर जाऊन बीसीडीबूट ही कमांड चालवली की ती बूटच्या फाइल्स आणि नोंद पुन्हा तयार करते. जुनी इमेज एमबीआर पद्धतीची असेल तर बायोसमध्ये ‘लेगसी’ हा पर्याय लागेल. काही नव्या संगणकांत तो उरलेलाच नाही, हे आधी पाहून ठेवावं.

निळ्या पडद्यावर ‘इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ आलं, तर बायोसमध्ये डिस्क चालवण्याची पद्धत बदललेली असते. जुन्या संगणकात ती एएचसीआय होती आणि नव्यात रेड किंवा व्हीएमडी असेल, तर विंडोजकडे तिचा ड्रायव्हर नसतो. पद्धत पूर्वीसारखी केली की बहुधा सुरू होतं.

नवी डिस्क मोठी घेतली असेल तर जास्तीची जागा शेवटी मोकळी पडलेली दिसेल. सी ड्राइव्ह तिथपर्यंत वाढवायला विंडोजचं डिस्क मॅनेजमेंट नकार देतं, कारण मध्ये दुरुस्तीचा चौथा विभाग बसलेला असतो. तो सरकवायला वेगळं साधन लागतं. हे घाईचं काम नाही. जागा लागेल तेव्हा सवडीने करा.

आता संगणक इमेज घेतली त्या दिवशीच्या स्थितीत आहे. इमेज गुढीपाडव्याची आणि डिस्क गेली गणपतीत, तर मधल्या महिन्यांतलं काम तिच्यात नाही. ते रोजच्या फाइल-बॅकअपमधून आणि बाजूला ठेवलेल्या जुन्या डिस्कवरून भरून काढायचं. क्लोनझिला फक्त बदललेला भाग उचलणारा बॅकअप घेत नाही. प्रत्येक वेळी पूर्ण इमेजच घेतं. त्यामुळे कामाची वाटणी अशी ठेवावी: बसवलेल्या सिस्टिमची इमेज तीन-चार महिन्यांनी आणि मोठा बदल केल्यावर लगेच. चालू कामाच्या फाइल्सची प्रत रोज.

सराव आधी, संकट नंतर

एक चांगली सवय इमेज घेतानाची. विंडोज नेहमीच्या ‘शट डाउन’ने पूर्ण बंद होत नाही. पुढच्या वेळी लवकर सुरू व्हावं म्हणून ते अर्धवट झोपेत राहतं आणि अशा विभागाची इमेज घ्यायला क्लोनझिला कां-कूं करतं. शिफ्ट दाबून ठेवून ‘शट डाउन’ केलं की ते पूर्ण बंद होतं. मग इमेज घ्या. आणि इमेज घेतल्यावर ती तपासायला सांगा.

तपासणीत इमेज वाचता येते एवढंच कळतं. तिच्यावरून संगणक उभा राहतो का, हे फक्त उतरवून पाहिल्यावर कळतं. म्हणून एका सुट्टीच्या दिवशी, काम नसताना, पुरेशा आकाराची एखादी जुनी डिस्क घ्या. मूळ डिस्कची केबल काढून ती सुरक्षित ठेवा. जुनी डिस्क तिच्या जागी लावा आणि वर सांगितलेलं सगळं एकदा करून पाहा. मूळ डिस्क जोडलेलीच नसल्यामुळे चूक झाली तरी काही जात नाही. बूट मेन्यूची कळ कोणती, पेनड्राइव्ह या मशीनवर चालतो का, सिक्युअर बूट आडवं येतं का, किती वेळ लागतो, फॉन्ट दिसतात का, प्रिंटर चालतो का, लायसन्स मागतं का, याची उत्तरं त्या दिवशी मिळतात. मिळालेली उत्तरं एका कागदावर लिहा आणि तो कागद, पेनड्राइव्ह आणि बिटलॉकरची की एका पाकिटात घाला. इमेजची एक प्रत ऑफिसबाहेर, घरी ठेवा, म्हणजे आग-पाणी-चोरीत संगणक आणि बॅकअप दोन्ही एकदम जाणार नाहीत.

हे पाकीट कुठे आहे ते ऑफिसमधल्या आणखी एका माणसाला माहीत असू द्या, आणि पुढच्या वेळी सराव त्याच्याकडून करून घ्या. कागद वाचून त्याला ते जमलं, तर तुमचा बॅकअप खरोखर तयार आहे. जमलं नाही, तर तो जिथे अडला ती ओळ, ती कळ, ती पायरी कागदावर लिहून टाका आणि पुन्हा करायला सांगा.